झटका येण्यापूर्वीं

पक्षाघात हा शब्द कानावर पडतांच आपल्या मनांत एक विशिष्ट चित्र उभें राहतें. काल संध्याकाळपर्यंत हिंडत-फिरत असलेला घरांतला कर्ता पुरुष सकाळीं उठूं जातो, तों त्याचा एक हात हालत नाहीं, तोंड वांकडें झालें आहे आणि शब्द जिभेवर येत नाहीं. आपल्या भाषेंत या विकाराला जीं नांवें आहेत, त्यांतहि हीच आकस्मिकता भरलेली आहे. कोणी त्याला झटका म्हणतो, कोणी अर्धांगवायु म्हणतो, तर कोणी नुसतें 'अंगावरून वारें गेलें' एवढेंच सांगतो. जणूं बाहेरून कांहीं तरी आलें आणि माणसाला स्पर्श करून निघून गेलें! इंग्रजींतील 'स्ट्रोक' आणि त्यापूर्वींचा ग्रीक 'अपोप्लेक्सी' या दोन्ही शब्दांचा अर्थहि प्रहार असाच आहे.

दुसरा विकार नेमका याच्या उलट स्वभावाचा. तो इतक्या सावकाश येतो कीं, तो आला हें घरांत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. आजोबा एकच गोष्ट तीनदां विचारतात, आजीला नातवाचें नांव आठवत नाहीं, रोजच्या रस्त्यावर पाऊल चुकतें. आणि आपण 'साठी बुद्धि नाठी' म्हणून तो विषय हंसण्यावारी नेतों. पहिला विकार अकस्मात् येणारा, म्हणून त्यावर उपाय योजण्यास अवसर नाहीं. दुसरा वयाबरोबर ओघानेंच येणारा, म्हणून त्यावर उपाय योजण्याचें प्रयोजन नाहीं, अशी समजूत शतकानुशतकें चालत आली. ही समजूत दोन्ही बाजूंनीं कशी ढासळली, आणि या दोन विकारांचें परस्परांशीं नातें कसें उघडकीस आलें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ स्वित्झर्लंडांतील शाफहाउझेन या गांवीं होतो. तेथील वैद्य योहान याकोब वेप्फर यानें पक्षाघातानें मेलेल्या रोग्यांचीं प्रेतें फाडून पाहिलीं आणि १६५८ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंपर्यंत यूरोपांतील वैद्यक मेंदूंत कफ सांचणें वगैरे गोष्टींनीं या रोगाची उपपत्ति लावीत असे. वेप्फरनें दाखविलें कीं, मेंदूच्या रक्तवाहिनींतून रक्त बाहेर सांडणें किंवा मेंदूला होणारा रक्ताचा पुरवठा अडणें, या गोष्टींत रोगाचें मूळ आहे. पुढें १७६१ मध्यें पादुआचा मोर्गान्यी यानें जिवंतपणींचीं लक्षणें आणि मृत्यूनंतर शरीरांत दिसलेली विकृति यांचा जागोजाग मेळ घातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनच्या फिर्खोनें रक्ताची गुठळी रक्तवाहिनींत कशी जमते आणि तेथून सुटून दूरच्या वाहिनींत जाऊन कशी अडकते, तें स्पष्ट केलें.

परंतु हें सारें ज्ञान मृताच्या शरीरावरून मिळालेलें होतें. घर जळून गेल्यावर आग कोठें लागली तें सांगणारा मनुष्य जाणता असेल, पण घर वांचविण्याच्या कामीं त्याचा उपयोग नाहीं. जिवंत, धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत काय चाललें आहे, हें कळण्यास साधन हवें होतें. १७३३ मध्यें इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनींत नळी खुपसून रक्त कांचेच्या नळींत आठ फुटांहून वर चढतें, असें प्रसिद्ध केलें. पण ही रीत माणसांवर चालविण्याजोगी नव्हती. १८९६ मध्यें इटलींतील तुरीन येथें रीव्हा-रोच्ची यानें दंडाला बांधावयाची रबरी पट्टी आणि पाऱ्याची नळी यांची जोड घातली, आणि १९०५ मध्यें सेंट पीटर्सबर्गच्या कोरोत्कोव्ह यानें त्या पट्टीखालीं धमनीचा आवाज ऐकण्याची युक्ति काढली. आजहि वैद्य दंडाला पट्टी बांधून कानाला नळी लावतो, तेव्हां तो या दोघांचीच रीत चालवीत असतो.

साधन हातीं आलें म्हणजे त्याचा अर्थहि हातीं येतो असें मात्र नाहीं. विमा-कंपन्यांनीं रक्तदाबाचे आंकडे गोळा करण्यास लौकर आरंभ केला आणि दाब जास्त असलेले लोक लौकर मरतात, हें त्यांच्या हिशेबनिसांनीं ताडलें. पण वैद्यांत वेगळाच विचार प्रबळ होता. वयाबरोबर धमन्या कठीण होतात, त्यांतून रक्त पुढें ढकलण्यास दाब वाढलाच पाहिजे, म्हणून वाढलेला दाब ही निसर्गानेंच केलेली तजवीज होय, असें पुष्कळांना वाटे. 'शंभरांत वय मिळवा, तेवढा दाब ठीक', असा एक सोईस्कर आडाखाहि रूढ झाला. १९३१ मध्यें लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनीं तर असें प्रतिपादिलें कीं, रक्तदाब वाढलेल्या माणसाला खरा धोका तो दाब उघडकीस येण्यापासूनच असतो. कारण तो कळला कीं कोणी तरी मूर्ख तो उतरविण्याच्या खटपटीस लागतो! यांत थट्टेचा भाग असला तरी त्या काळच्या मताचें तें प्रामाणिक प्रतिबिंब होतें, आणि त्या वेळीं हातांत खात्रीचें औषध नसल्यानें तें मत अगदींच निराधारहि नव्हतें.

या मताची किंमत काय पडूं शकते, हें साऱ्या जगानें १९४५ मध्यें पाहिलें. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझव्हेल्ट यांना मार्च १९४४ मध्यें तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनीं तपासलें, तेव्हां त्यांचा रक्तदाब १८६ वर १०८ होता आणि हृदय थकत चाललें होतें. विश्रांति, मीठ कमी करणें व डिजिटॅलिस यांपलीकडे फारसें कांहीं देण्याजोगें नव्हतें. त्याच वर्षीं राष्ट्राध्यक्ष पुन्हां निवडून आले, फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें जगाच्या वांटणीच्या वाटाघाटींना बसले, आणि १२ एप्रिल रोजीं वॉर्म स्प्रिंग्ज येथें डोकें फार दुखत असल्याचें सांगून बेशुद्ध झाले. त्या वेळीं त्यांचा दाब ३०० च्या वर गेला होता. वय ६३. मेंदूंतील रक्तस्राव अगदीं अकस्मात् झाला, असें लोकांना सांगण्यांत आलें. ब्रून यांनीं आपलीं टिपणें १९७० मध्यें प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्या आकस्मिक घटनेमागें किती महिन्यांची चढती रांग होती, हें सर्वांना दिसलें.

रूझव्हेल्टांच्या जागीं आलेल्या ट्रूमन यांनीं १९४८ च्या जूनमध्यें हृदयविकारांच्या संशोधनासाठीं कायद्यावर सही केली, आणि त्याच वर्षीं बोस्टनपासून सुमारें वीस मैलांवर असलेल्या फ्रेमिंगहॅम या गांवीं एक विलक्षण उपक्रम सुरू झाला. हें गांव अशा कामास नवखें नव्हतें. १९१७ पासून कांहीं वर्षें तेथें क्षयरोगनिवारणाचा प्रयोग झालेला होता. या खेपेस मात्र रोग्यांना बोलावलें नव्हतें. ३० ते ६२ वर्षांच्या वयाचे ५,२०९ स्त्री-पुरुष निवडले, दर दोन वर्षांनीं त्यांची तपासणी करावयाची, रक्तदाब, रक्तांतील चरबी, वजन, धूम्रपान, नाडीची गति सारें नोंदून ठेवावयाचें, आणि मग वाट पाहावयाची, असा बेत होता. कोणाला झटका येतो, कोणाला येत नाहीं, आणि ज्याला आला त्याच्या दहा वर्षांपूर्वींच्या नोंदींत काय लिहिलेलें आहे, हा सारा प्रश्न. या पद्धतींत कोणाला औषध द्यावयाचें नाहीं, कोणावर शस्त्र चालवावयाचें नाहीं; धैर्य तेवढें हवें. त्या गांवच्या शिंप्यांनीं, शिक्षकांनीं, गृहिणींनीं आणि कामगारांनीं तें दाखविलें. कित्येक जण गांव सोडून दूर राहावयास गेले, तरी नेमल्या वेळीं तपासणीला परत येत. १९७१ मध्यें त्यांचीं मुलें या यादींत आलीं आणि २००२ मध्यें नातवंडें.

१९६१ मध्यें विल्यम कॅनेल व टॉमस डॉबर प्रभृतींनीं सहा वर्षांच्या नोंदींवरून जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकांत 'धोक्याचे घटक' हा शब्दप्रयोग आला आणि तोच पुढें वैद्यकाच्या बोलीभाषेंत रुळला. घटक म्हणजे कारण नव्हे. तो असला म्हणजे रोग होईलच असेंहि नाहीं आणि नसला म्हणजे होणार नाहीं असेंहि नाहीं. तो संभव वाढवितो. वैद्यकाला ही भाषा नवी होती, कारण 'हा जंतु, म्हणून हा रोग' अशा एकास एक हिशेबाची त्याला संवय होती.

पक्षाघाताविषयीं फ्रेमिंगहॅमनें दिलेले निष्कर्ष आज साधे वाटतात, पण त्या वेळीं ते क्रांतिकारक होते. १९७० मध्यें असें दिसून आलें कीं, वाढलेला रक्तदाब हा पक्षाघाताचा सर्वांत बलवान पूर्वगामी होय; स्त्रियाहि त्यांतून सुटत नाहींत; आणि खालचा आंकडा तेवढा महत्त्वाचा, वरचा वयाबरोबर वाढावयाचाच, हा समज चुकीचा आहे. कांहींहि लक्षण नसतां हा दाब वर्षानुवर्षें आपलें काम करीत असतो. १९७८ मध्यें फिलिप वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची गति बेताल झाली, मग हृदयाच्या झडपांचा विकार नसला तरी, पक्षाघाताचा धोका पांचपटींहून अधिक वाढतो. १९८८ मध्यें धूम्रपानाची पाळी आली; आणि त्यांतली आशादायक गोष्ट ही कीं, धूम्रपान सोडणाऱ्याचा धोका पांच वर्षांत न ओढणाऱ्याच्या बरोबरीस येतो.

परंतु दाब जास्त असलेल्यांना झटका अधिक येतो, एवढ्यावरून दाब उतरविला असतां झटका टळेल असें सिद्ध होत नाहीं. तें सिद्ध होण्यास औषध पाहिजे. आणि या कथेचा एक धागा येथें आपल्या मुंबईला येऊन भिडतो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर फार जुन्या काळापासून वापरांत आहे. तिनें रक्तदाब उतरतो, याकडे कलकत्त्याच्या सेन व बोस यांनीं १९३१ मध्यें लक्ष वेधलें होतें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं ५० रोग्यांवर ती पद्धतशीर वापरून आपले अनुभव १९४९ मध्यें ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केले, आणि तेव्हां पाश्चात्य जगाचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत तिच्यांतून 'रेसर्पीन' हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. डॉ. वकील यांना १९५७ मध्यें अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

या रेसर्पीनसह तीन औषधें घेऊन वॉशिंग्टनचे एडवर्ड फ्राइस यांनीं निवृत्त सैनिकांवर प्रयोग केला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तिच्यासारखीच दिसणारी निर्गुण गोळी. कोणती कोणाला, हें ना रोग्याला ठाऊक, ना वैद्याला. १९६७ मध्यें ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता अशा १४३ जणांचा निकाल प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्या ७० जणांत २७ गंभीर उपद्रव झाले व चौघे दगावले. औषध मिळालेल्या ७३ जणांत गंभीर उपद्रव दोन आणि मृत्यु एकहि नाहीं. फरक इतका ढळढळीत कीं, हा प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. १९७० मध्यें सौम्य दाबाच्या ३८० जणांचा निकाल आला. त्यांत औषधाविना वीस जणांना पक्षाघात झाला, औषधासह पांच जणांना. पुढें १९९१ मध्यें साठीच्या पुढील ४,७३६ लोकांत ज्यांचा केवळ वरचाच दाब वाढलेला होता, त्यांना औषध दिल्यानें पक्षाघात ३६ टक्क्यांनीं कमी झाले. 'शंभरांत वय मिळवा' हा आडाखा त्या दिवशीं निकालांत निघाला. रेसर्पीन आज मागें पडलें आहे, कारण त्यानें मन खिन्न होण्याचा दोष दिसून आला व त्याहून चांगलीं औषधें निघालीं. पण पहिला पुरावा उभा करण्यांत आपल्या रानांतल्या मुळीचा वांटा होता, हें विसरतां कामा नये.

आतां दुसऱ्या विकाराकडे वळूं. १९०१ मध्यें फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयांत एक्कावन वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला स्वतःचें नांव लिहितांना मध्येंच विसर पडे. १९०६ मध्यें ती वारली, तेव्हां आलोइस आल्त्सहाइमर, म्हणजे ज्याला आपण अल्झायमर म्हणतों, त्यानें तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. त्यांत पेशींच्या बाहेर ठिपके आणि पेशींच्या आंत गुंतवळ दिसली. पण बाई वयानें लहान, म्हणून हा एक दुर्मिळ रोग मानला गेला. म्हातारपणींचें विस्मरण मात्र धमन्या कठीण होण्याच्या खात्यांत जमा राहिलें. १९६८ ते १९७० या काळांत इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें टॉमलिन्सन, ब्लेस्ड व रॉथ यांनीं वृद्धांचे मेंदू मोजून-मापून तपासले. विस्मृति झालेल्या पुष्कळ वृद्धांत तेच ठिपके व तीच गुंतवळ होती. कांहींत रक्ताअभावीं मऊ पडलेले भाग होते. आणि कांहींत दोन्ही.

दोन्ही एकत्र आलीं तर काय होतें, याचें उत्तर अमेरिकेंतील एका मठवासिनींच्या संघानें दिलें. १९८६ पासून डेव्हिड स्नोडन यांनीं आरंभिलेल्या अभ्यासांत ६७८ वृद्ध भगिनींनीं भाग घेतला आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासणीसाठीं देण्याचें वचन दिलें. त्यांचें अन्न, राहणी, काम बहुतेक सारखें, म्हणून तुलना स्वच्छ होई. १९९७ मध्यें त्यांतील १०२ मेंदूंचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अल्झायमरचे ठिपके सारखेच असलेल्या भगिनींत, ज्यांच्या मेंदूच्या आंतल्या भागांत लहान-लहान रक्तरोधाच्या खुणा होत्या, त्यांची बुद्धि जिवंतपणीं पुष्कळच अधिक प्रमाणांत ढळलेली होती. आधींच वाळवी लागलेल्या तुळईवर थोडासा भार पडावा आणि ती कोसळावी, तसा हा प्रकार. फ्रेमिंगहॅमनेंहि १९९३ मध्यें सुमारें १,७०० लोकांविषयीं असें नमूद केलें होतें कीं, दहा-वीस वर्षांपूर्वीं ज्यांचा दाब जास्त व उपचाराविना राहिला, त्यांची स्मरणशक्ति व लक्ष पुढें कसोटीस कमी उतरलें. झटका एकहि आलेला नसतांहि! याचा अर्थ असा कीं, चाळिशींत दंडावर बांधलेली पट्टी सत्तरींतल्या स्मृतीविषयीं कांहीं बोलत असते.

यापुढें संशोधकांनीं पट्टीच्याहि आंत डोकावण्याचा ध्यास घेतला. रोग प्रकट होण्यापूर्वीं रक्तांत, पाठीच्या कण्यांतील द्रवांत किंवा मेंदूच्या छायाचित्रांत ज्या खुणा सांपडतात, त्यांना जैवचिन्हें म्हणतात. येथें मात्र सावधपणें पाऊल टाकिलें पाहिजे. एक उदाहरण सांगतों. २००२ मध्यें फ्रेमिंगहॅमच्या नोंदींवरून सुधा शेषाद्रि व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, रक्तांत होमोसिस्टीन नांवाचें द्रव्य अधिक असलेल्यांना अल्झायमरचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. पक्षाघाताशींहि त्याचा संबंध दिसला होता. 'ब' जीवनसत्त्वाच्या कांहीं प्रकारांनीं तें द्रव्य उतरतें. मग काय, गोळ्या द्याव्या आणि रोग टाळावा! परंतु २००४ मध्यें पक्षाघात होऊन गेलेल्या ३,६८० रोग्यांवरील प्रयोगांत द्रव्य उतरलें, पक्षाघात मात्र उतरले नाहींत. धूर आणि आग बरोबर दिसतात, पण धूर हांकलल्यानें आग विझत नाहीं. रक्तदाबाची थोरवी यांतच आहे कीं, तो खूण म्हणूनहि खरा ठरला आणि कारण म्हणूनहि.

तरी जैवचिन्हांचा मार्ग खुंटलेला नाहीं. २००४ मध्यें पिट्सबर्गच्या संशोधकांनीं जिवंत माणसाच्या मेंदूंतील अमायलॉइडचे ठिपके छायाचित्रांत दाखविले. त्यामागून 'टाऊ' या प्रथिनाच्या विशिष्ट रूपाचें प्रमाण रक्तांत मोजण्याची रीत निघाली, आणि मे २०२५ मध्यें अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें अशा रक्तपरीक्षेला प्रथमच मान्यता दिली. ही मान्यता ज्यांना विस्मरणाचीं लक्षणें दिसूं लागलीं आहेत अशा पंचावन्नच्या पुढील लोकांपुरती आहे, हें ध्यानांत ठेवावें. धडधाकट माणसानें कुतूहलापोटीं ती करून घेण्यांत आज लाभापेक्षां चिंताच अधिक पदरीं पडण्याचा संभव आहे.

मग हातीं काय लागलें? २०१९ मध्यें अमेरिकेंतील ९,३६१ लोकांच्या प्रयोगाचा निकाल आला. ज्यांचा वरचा दाब १४० ऐवजीं १२० च्या खालीं आणण्याचा यत्न केला, त्यांच्यांत पूर्ण स्मृतिभ्रंश निश्चितपणें कमी झाला असें म्हणतां आलें नाहीं. परंतु त्याची पहिली पायरी जी सौम्य बुद्धिमांद्याची, ती चढणारांची संख्या १९ टक्क्यांनीं घटली. त्यापूर्वीं, २०१६ मध्यें, फ्रेमिंगहॅमनेंच एक आश्चर्याची वार्ता दिली होती. १९७० नंतरच्या दशकांत तेथें नव्यानें स्मृतिभ्रंश होण्याचें प्रमाण सतत घटत गेलें आहे. ही घट निदान माध्यमिक शिक्षण पुरें केलेल्यांतच दिसून आली, हेंहि त्याच निबंधांत लिहिलें आहे. म्हणजे मेंदूच्या रक्षणांत वैद्याच्या औषधाबरोबर शाळामास्तराचाहि कांहीं हिस्सा असावा.

एका अमेरिकन गांवाचें गणित जशाच्या तसें आपल्याकडे लावणें बरोबर नव्हे, कारण तेथील पहिले सारे सभासद बहुतेक गोऱ्या वंशाचे होते. पण २०१० मध्यें आणि पुन्हां २०१६ मध्यें भारतासह अनेक देशांतील रोग्यांच्या तुलनेंत असें आढळलें कीं, पक्षाघाताच्या धोक्याचा सुमारें नऊ-दशांश भाग दहा सुधारण्याजोग्या घटकांत सांपडतो, आणि त्यांत रक्तदाबाचा क्रमांक पहिला. २००५-०६ मध्यें मुंबईंत झालेल्या नोंदणींतहि पक्षाघात झालेल्या बहुसंख्य लोकांचा रक्तदाब वाढलेला होता.

वेप्फरला प्रेत उघडावें लागलें. आपल्याला दंडावरची बाही वर सारावयाची आहे, एवढाच साडेतीनशें वर्षांच्या श्रमाचा सारांश. वाढलेला दाब दुखत नाहीं, खुपत नाहीं, आणि म्हणूनच घरांतला चाळिशीचा मनुष्य 'मला काय झालें आहे?' असें म्हणून तपासणी टाळतो. फ्रेमिंगहॅमच्या पांच हजार माणसांनाहि कांहीं झालेलें नव्हतें. कांहीं झालेलें नसतांच तीं दर दोन वर्षांनीं वैद्यासमोर जाऊन बसलीं, आणि त्यांच्या त्या बसण्यांतून झटका हा झटका नसून पुष्कळ दिवसांची चाल आहे, हें जगाला समजलें. श्रोतेहो, घरांतल्या वडील माणसाला वर्षांतून एकदां तरी हाताला धरून तपासणीला न्यावें, आणि त्याच खेपेस आपलाहि दंड पुढें करावा.